स्पॅनिशमध्ये ‘खा’, ‘वाढ’, ‘घालू नका’: जेवणाच्या टेबलावरची आज्ञार्थी वाक्ये बिनचूक कशी करावीत

स्पॅनिशमध्ये कुणाला ‘खा’ म्हणायचे असले की आपण आधी क्रियापद उचलतो आणि मग त्याला काय जोडायचे ते शोधत बसतो. चूक तिथेच होते. कोमे, कोमा, कोमान, कोमेद, कोमास यांतले कोणते रूप घ्यायचे हे क्रियापद सांगतच नाही. ते दोन प्रश्नांवर ठरते: समोर कोण आहे, आणि ‘कर’ म्हणायचे आहे की ‘करू नको’. या दोन्हींची उत्तरे मिळेपर्यंत क्रियापदाला हात लावायचा नाही. खालच्या टप्प्यांचा क्रम याच कारणासाठी असा लावला आहे. तो मोडू नका, निदान सुरुवातीचे काही महिने तरी.

स्पॅनिश शब्द इथे देवनागरीत, लॅटिन अमेरिकेतल्या उच्चाराप्रमाणे दिले आहेत. स्पेनच्या बहुतेक भागात ‘सेनार’, ‘आसेइते’ यांतला ‘स’ जीभ दातांत धरून ‘थ’सारखा काढतात. मात्र ‘सोपा’मधला ‘स’ तिथेही ‘स’च असतो. बी आणि व्ही या दोन्ही अक्षरांचा उच्चार ‘ब’. एच मुका. ‘खामोन’मधला ‘ख’ घशातून घासत काढायचा. त, द मराठीसारखेच दातांना जीभ लावून येतात, त्यामुळे ती मेहनत वाचते. शब्दाला सर्वनाम कुठे जोडले आहे ते दिसावे म्हणून मध्ये आडवी रेघ दिली आहे. स्पॅनिशमध्ये लिहिताना तो एकच अखंड शब्द असतो.

## तयारी: प्रत्येक क्रियापदाची दोनच रूपे

सगळे काळ पाठ करण्याची गरज नाही. आज्ञार्थासाठी वर्तमानकाळातली दोन रूपे पुरतात: ‘मी’चे आणि ‘तो/ती’चे. टेबलावर आणि ओट्यापाशी सतत लागणारी तेरा क्रियापदे अशी:

| क्रियापद | अर्थ | ‘मी’चे रूप | ‘तो/ती’चे रूप |
|---|---|---|---|
| कोमेर | खाणे, जेवणे | कोमो | कोमे |
| बेबेर | पिणे | बेबो | बेबे |
| तोमार | घेणे (खाण्यापिण्याचे काहीही) | तोमो | तोमा |
| प्रोबार | चव घेणे | प्रुएबो | प्रुएबा |
| सेर्बीर | वाढणे | सिर्बो | सिर्बे |
| पेदीर | मागवणे | पिदो | पिदे |
| पोनेर | ठेवणे, घालणे | पोंगो | पोने |
| त्राएर | आणणे | त्राइगो | त्राए |
| दार | देणे | दोइ | दा |
| एचार | ओतणे, घालणे | एचो | एचा |
| कोर्तार | कापणे, चिरणे | कोर्तो | कोर्ता |
| कालेन्तार | गरम करणे | कालिएन्तो | कालिएन्ता |
| फ्रेईर | तळणे | फ्रीओ | फ्रीए |

तपासणी: उजवीकडचे दोन रकाने झाका आणि डावीकडून ओळीने म्हणा. प्रोबार, सेर्बीर, पेदीर, कालेन्तार, फ्रेईर यांच्यात आतला स्वर बदलतो. तिथे अडखळत असाल तर पुढे जाऊ नका, कारण हीच चूक प्रत्येक टप्प्यात पुन्हा डोके वर काढेल.

## १. समोर कोण आहे ते ठरवा

- तू: घरचा माणूस, मित्र, लहान मूल. शब्द कानाला मराठीसारखाच लागतो, पण त्याचा आवाका मोठा आहे. स्पेनमध्ये सहकारी, दुकानदार, अनोळखी समवयस्क यांनाही सर्रास ‘तू’ म्हणतात.
- उस्तेद: आदराची एक व्यक्ती.
- उस्तेदेस: एकाहून अधिक माणसे. लॅटिन अमेरिकेत अनेकांसाठी हेच, मग ती घरची असोत की परकी.
- बोसोत्रोस: अनेक जवळची माणसे, पण फक्त स्पेनमध्ये. तिथेही कॅनरी बेटांवर आणि अंदालुसिआच्या पश्चिम भागात लोक उस्तेदेसच वापरतात.
- बोस: अर्जेंटिना, उरुग्वे, पॅराग्वे, मध्य अमेरिकेचा बराच भाग आणि कोलंबियाचे काही प्रदेश इथे ‘तू’च्या जागी.

मराठी बोलणाऱ्याला सगळ्यात जास्त नडतो तो ‘तुम्ही’. एका वडीलधाऱ्या व्यक्तीला ‘तुम्ही खा’ आणि पाच पोरांना ‘तुम्ही खा’, दोन्ही आपल्याकडे एकच. स्पॅनिशमध्ये पहिले ‘कोमा’, दुसरे ‘कोमान’. त्यामुळे मनात ‘तुम्ही’ आले की लगेच माणसे मोजा. एक असेल तर उस्तेद, अधिक असतील तर उस्तेदेस, आणि स्पेनमध्ये जवळचे असतील तर बोसोत्रोस.

> इशारा: आदर दाखवायला अनेकवचन वापरण्याची आपली सवय स्पॅनिशमध्ये चालत नाही. एका माणसाला ‘कोमान’ म्हटले तर त्यातून आदर पोचत नाही, फक्त गोंधळ होतो.

कोणते रूप घ्यावे कळत नसेल, तर परक्या प्रौढ व्यक्तीला उस्तेद वापरा. समोरची व्यक्ती स्वतःच ‘तू’वर आली की तुम्हीही या. कोलंबियात, विशेषतः बोगोता भागात, मित्रमित्रसुद्धा एकमेकांना उस्तेद म्हणतात, त्यामुळे तिथे उस्तेद ऐकून दुरावा वाटून घेऊ नका.

## २. ‘कर’ की ‘करू नको’?

नकारासाठी होकारी वाक्याच्या आधी नुसते ‘नो’ लावले की झाले, असे समजून ‘नो कोमे’ म्हटले जाते. ‘नो कोमे’चा अर्थ होतो ‘तो खात नाही’. मराठीतही आपण ‘नको खा’ म्हणत नाही, ‘खाऊ नकोस’ म्हणतो, म्हणजे नकारात क्रियापद रूप बदलतेच. स्पॅनिशचे वागणे तसेच आहे: कोमे, पण नो कोमास.

नकाराच्या या रूपाला सुब्खुन्तीबो म्हणतात. उस्तेद आणि उस्तेदेस यांना होकारातही तेच लागते. म्हणजे वेगळी होकारी रूपे फक्त तू, बोस आणि बोसोत्रोस यांची. बाकी सगळीकडे सुब्खुन्तीबो. एवढे एक वाक्य पक्के बसले की निम्मे काम झाले.

## ३. आता क्रियापद घडवा

तूला होकार. ‘तो/ती’चे रूप जसेच्या तसे घ्या: कोमे (खा), प्रुएबा (चाखून बघ), सिर्बे (वाढ), कोर्ता (चिर). अपवाद आठ आहेत आणि ते पाठच करावे लागतात: पोन (ठेव), बेन (ये), तेन (घे, धर), साल (बाहेर ये), आस (कर), दी (सांग), बे (जा), से (हो, अस). यांतल्या ‘साल’चा दुसरा अर्थ मीठ. वाक्यात गल्लत होत नाही, पण ऐकताना दचकायला होते.

सुब्खुन्तीबो. ‘मी’च्या रूपातला शेवटचा ‘ओ’ काढा आणि उलटा स्वर लावा. मूळ क्रियापद ‘आर’ने संपत असेल तर ‘ए’, ‘एर’ किंवा ‘ईर’ने संपत असेल तर ‘आ’. मग कोमो–कोमा, तोमो–तोमे, पोंगो–पोंगा, त्राइगो–त्राइगा, सिर्बो–सिर्बा, प्रुएबो–प्रुएबे. हे झाले उस्तेदचे रूप. तूच्या नकारासाठी शेवटी ‘स’ (नो पोंगास), उस्तेदेससाठी ‘न’ (पोंगान). दार, इर (जाणे), सेर (असणे) यांना हा नियम लागत नाही. त्यांची रूपे अनुक्रमे दे, बाया, सेआ.

सुरुवात ‘मी’च्या रूपापासूनच करायची याचे कारण पोनेरमध्ये दिसते. मूळ शब्दापासून गेलात तर ‘पोना’ असे अस्तित्वात नसलेले रूप हाती येते. ‘पोंगो’पासून निघालात की ‘ग’ आपोआप सोबत येतो.

बोसोत्रोस. होकारात शेवटच्या ‘र’चा ‘द’ करायचा: कोमेद, बेबेद, सेर्बीद. ‘ओस’ हे बोसोत्रोसचे सर्वनाम जोडताना हा ‘द’ गळतो: सेन्ता-ओस (बसा), सेर्बी-ओस (वाढून घ्या). नकार: नो कोमाइस, नो प्रोबेइस. इथे प्रोबारचा आतला ‘ओ’ तसाच राहतो, ‘प्रुएबेइस’ होत नाही. स्पेनमध्ये बोलताना ‘कोमेद’ऐवजी ‘कोमेर’ कानावर पडेल. ते समजून घ्या, लिहू मात्र नका.

बोस. ‘र’ काढा आणि जोर शेवटच्या स्वरावर द्या: कोमे, तोमा, पोने, बेनी. तूचे ‘कोमे’ आणि बोसचे ‘कोमे’ यांत फरक फक्त आघाताचा. पहिल्यात जोर ‘को’वर, दुसऱ्यात ‘मे’वर. आतला स्वर बदलत नाही, म्हणून प्रोबा, पेदी. नकारात अर्जेंटिनात सहसा तूचेच रूप चालते: नो कोमास.

चला, ... या. ‘जेवू या’ म्हणायला ‘कोमामोस’ हे रूप आहे, पण रोजच्या बोलण्यात ‘बामोस आ कोमेर’ जास्त ऐकू येते.

> लिहिताना: ‘कार’, ‘गार’, ‘सार’ असा शेवट असलेल्या क्रियापदांत उच्चार टिकवण्यासाठी स्पेलिंग बदलते. पिकार (बारीक चिरणे) मध्ये सी आहे, पण ‘पिके’ लिहिताना त्या जागी क्यू-यू येते. पागार (पैसे देणे) चे ‘पागे’ लिहिताना जीनंतर यू घालावा लागतो. आल्मोर्सार (दुपारचे जेवणे) मध्ये झेड आहे, ‘आल्मुएर्से’मध्ये त्याचा सी होतो. बोलताना याचा विचार करण्याची गरज नाही.

तपासणी: ‘आणा’ (एका पाहुण्याला), ‘तळू नकोस’, ‘चव घ्या’ (अनेकांना, मेक्सिकोत). उत्तरे: त्राइगा, नो फ्रीआस, प्रुएबेन.

## ४. ‘खा’ आणि ‘खाऊन टाक’ वेगळे ओळखा

‘फळे खात जा’ आणि ‘ते फळ खाऊन टाक’ यांतला फरक मराठी बोलणाऱ्याला शिकवावा लागत नाही. स्पॅनिशमध्ये तो ‘ते/से’ या छोट्या सर्वनामाने दाखवतात.

कोमे फ्रुता: फळे खा, सर्वसाधारण सल्ला.
कोमे-ते ला फ्रुता: समोरचे फळ खाऊन टाक, संपव.

ठरावीक वस्तू, ठरावीक प्रमाण, पूर्ण संपवणे अशा ठिकाणी ‘ते’ (उस्तेदला ‘से’) येते. त्यासाठी नामाआधी एल/ला (इंग्रजीतल्या ‘द’सारखे शब्द, पुल्लिंगी एल, स्त्रीलिंगी ला), ‘हा/तो’ किंवा संख्या असावी लागते. ‘कोमे-ते फ्रुता’ हे म्हणूनच चुकीचे. नकारात तेच: नो कोमास पान (पाव खाऊ नकोस, म्हणजे तो तुला वर्ज्य), पण नो ते कोमास एल पान (तो पाव खाऊन टाकू नकोस). आहार सांगणारा डॉक्टर पहिले म्हणेल, टेबलावर अजून सगळे बसायचे आहेत म्हणून थांबवणारी आई दुसरे.

सूपाचे एक लक्षात ठेवा. आपण सूप पितो, स्पॅनिशमध्ये ‘बेबेर ला सोपा’ विचित्र वाटते. चमच्याने घ्यायच्या सूपाला तोमार किंवा कोमेर वापरा. औषधाच्या गोळीलाही तोमार: तोमे-से ला पास्तिया (गोळी घ्या). लॅटिन अमेरिकेत पाणी, कॉफी, दूध ‘पिणे’ हेही बहुधा तोमारच. तिथे नुसते ‘तो तोमार करतो’ म्हटले तर दारू पितो असा अर्थ निघतो, म्हणून सोबत पदार्थाचे नाव घ्या.

## ५. सर्वनामे: होकारात मागे चिकटतात, नकारात पुढे सुटी

या टप्प्यावर सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून इथे वेळ घ्या.

पहिली चूक सर्वनाम गाळण्याची. मराठीत ‘सूप गार होतंय, पिऊन टाक’ म्हणताना ‘ते’ हा शब्द आपण उच्चारत नाही. स्पॅनिशला तो हवाच. हे वाक्य क्रमाने बांधू:

1. समोर कोण? घरचे मूल, म्हणून तू.
2. होकार.
3. तोमारचे रूप: तोमा.
4. संपवायचे आहे: ते.
5. काय संपवायचे? ला सोपा, स्त्रीलिंगी एकवचन, म्हणून ला.

जोडून: तोमा-ते-ला. पूर्ण वाक्य: ला सोपा से एस्ता एन्फ्रिआन्दो, तोमा-ते-ला.

आता तेच उलट करा: ‘गरम आहे, एवढ्यात पिऊ नकोस.’ नकार आला की क्रियापद सुब्खुन्तीबोत जाते आणि सर्वनामे सुटी होऊन ‘नो’ आणि क्रियापद यांच्या मध्ये बसतात: एस्ता कालिएन्ते, नो ते ला तोमेस तोदाबीआ. दोन्ही बदल एकदम होतात. फक्त एक केला तर ‘नो तोमेस-ते-ला’ किंवा ‘नो ते ला तोमा’ अशी अर्धवट वाक्ये तयार होतात. हाताने लिहून पाहिल्याशिवाय ही सवय बसत नाही.

क्रम ठरलेला आहे: माणसाचे सर्वनाम (मे, ते, से, नोस) आधी, वस्तूचे (लो, ला, लोस, लास) नंतर. त्राइगा-मे-लो म्हणजे ‘ते मला आणून द्या’. ‘ले’ (त्याला/तिला) या सर्वनामाच्या पुढे लो किंवा ला आले की ‘ले’चा ‘से’ होतो. ‘ते त्याला दे’ म्हणजे दा-से-लो. ‘दा-ले-लो’ असे काही नाही. नकार: नो से लो देस.

लिंग स्पॅनिश शब्दाचे धरायचे. दूध मराठीत नपुंसकलिंगी, पण ‘ला लेचे’ स्त्रीलिंगी, म्हणून दूध पिऊन टाक हे तोमा-ते-ला. भात (एल आर्रोस) पुल्लिंगी: कोमे-ते-लो. अंडी (लोस उएबोस): कोमे-ते-लोस. पाणी इथे फसवते. ‘एल आगुआ’ला पुढे एल लागतो, पण शब्द स्त्रीलिंगीच आहे. म्हणून एल आगुआ फ्रीआ, आणि सर्वनाम ला: बेबे-ला.

आणखी एक खाच. ‘सूपमध्ये मीठ घाल’ म्हणताना आपण ‘मध्ये’ वापरतो. स्पॅनिश सूपालाच मीठ ‘देते’: एचा-ले साल आ ला सोपा. ‘सूपाला’ असे पुढे म्हटलेले असूनही ‘ले’ येतोच. नकार: नो ले एचेस साल. हॉटेलात ‘कांदा घालू नका’: नो ले पोंगा सेबोया, पोर फाबोर.

> इशारा: ‘घे’साठी स्पेनमध्ये ‘कोखे’ अगदी साधा शब्द आहे. मेक्सिको, अर्जेंटिना आणि आणखी काही देशांत तोच शब्द अश्लील आहे. ‘पाव घे’ म्हणायला सगळीकडे ‘तोमा’ वापरा. लॅटिन अमेरिकेत ‘आगार्रा’ही चालते.

तपासणी: (अ) ‘अंडी खाऊन टाक’ (आ) ‘अंडी खाऊन टाकू नकोस’ (इ) ‘बिल मला आणून द्या’ असे वेटरला, ‘बिल’ऐवजी सर्वनाम घालून. ला कुएन्ता स्त्रीलिंगी.
उत्तरे: (अ) कोमे-ते लोस उएबोस (आ) नो ते कोमास लोस उएबोस (इ) त्राइगा-मे-ला.

## ६. तिल्दे: आघात हलत नाही, चिन्ह येते

स्वरावरच्या तिरक्या रेघेला तिल्दे म्हणतात. सर्वनाम जोडले तरी क्रियापदाचा आघात जिथल्या तिथे राहतो. ‘कोमे’त जोर ‘को’वर होता, ‘कोमे-लो’तही ‘को’वरच. आता तो शेवटून तिसऱ्या अक्षरावर आला, आणि शेवटून तिसऱ्या किंवा त्याच्याही मागच्या अक्षरावर आघात असला की तिल्दे लिहावेच लागते. म्हणून कोमे-लो, त्राए-मे, त्राइगा-मे, पोन-मे-लो, दा-मे-लो या सगळ्यांत तिल्दे आहे. दा-मे, दी-मे, पोन-लो यांत नाही, कारण आघात शेवटून दुसऱ्या अक्षरावर आहे.

एकटे ‘दे’ (उस्तेदला ‘द्या’) तिल्दे घेते, कारण ‘चा/ची/चे’ या अर्थाचा ‘दे’ वेगळा ओळखू यावा. पण दे-मे, दे-ले यांत तिल्दे नाही. रेआल आकादेमिआ एस्पान्योला या संस्थेने १९९९च्या शुद्धलेखनात हे स्पष्ट केले. जुन्या छापील मजकुरात तिल्दे दिसले तर गोंधळू नका.

बोलताना यातले काही दिसत नाही, पण आघात ऐकू येतो. ‘कोमे-लो’ म्हणताना जोर ‘मे’वर सरकला की ऐकणाऱ्याला ते बोसचे रूप वाटते.

## ७. हॉटेलात आणि दुसऱ्याच्या घरी

व्याकरण बरोबर असूनही वाक्य उद्धट वाटू शकते. आपणही वेटरला ‘पाणी आणा’पेक्षा ‘पाणी आणता का जरा?’ म्हणतो. स्पॅनिशमध्येही तोच मार्ग सोपा आहे: वर्तमानकाळात प्रश्न विचारा. मे त्राए ला कुएन्ता, पोर फाबोर? (बिल आणता का?) नोस त्राए ओत्रा कुचारा? (आम्हाला आणखी एक चमचा आणता का?) इथे सुब्खुन्तीबो लागत नाही आणि सर्वनाम आपोआप पुढे येते. नवशिक्याला म्हणूनच हे सोपे जाते. ‘मला हवे होते’साठी ‘किसिएरा’ सगळीकडे सभ्य.

स्पेनमधल्या बारमध्ये ‘पोन-मे उन काफे’ किंवा ‘पोंगा-मे उन काफे’ असा थेट आज्ञार्थ रोज चालतो, कुणाला वावगे वाटत नाही. लॅटिन अमेरिकेत मात्र प्रश्नाचाच मार्ग धरा.

काय खात नाही ते सांगताना आज्ञार्थ मध्ये येऊ देऊ नका. ‘मी मांस खात नाही’ म्हणजे नो कोमो कार्ने. ‘नो कोमा कार्ने’ म्हटले तर तुम्ही वेटरला मांस वर्ज्य करायला सांगितलेत. शिवाय ‘कार्ने’ म्हटल्यावर अनेकांच्या डोळ्यांसमोर गाय-डुकराचे मांस येते, आणि स्पेनमध्ये भाज्यांच्या म्हणवल्या जाणाऱ्या सँडविचमध्येही ट्यूना मासा असू शकतो. शाकाहारी असाल तर यादीच द्या: नो कोमो कार्ने, नि पोयो, नि पेस्कादो, नि खामोन (मांस, कोंबडी, मासे, हॅम, काहीच नाही). ॲलर्जी असेल तर: सोइ आलेर्खिको (स्त्रीने आलेर्खिका) आ... आणि पुढे पदार्थ. शेंगदाण्याला स्पेनमध्ये काकाउएते, मेक्सिकोत काकाउआते, दक्षिण अमेरिकेच्या बहुतेक भागात मानी. जिथे जाणार तिथला शब्द आधी पाठ करा, ॲलर्जीच्या बाबतीत अंदाजावर राहू नका.

घरी यजमान ‘कोमे, कोमे’ किंवा ‘सिर्बे-ते मास’ (आणखी घे) म्हणत राहतील. तो हुकूम नाही, आग्रह आहे. पोट भरले असेल तर: नो मे सिर्बास मास, ग्रासिआस, एस्तोइ येनो (स्त्रीने येना). सुरुवातीला म्हणायचे ‘बुएन प्रोबेचो’, स्पेनमध्ये ‘के आप्रोबेचे’. याच ‘के’ने तिसऱ्या माणसाबद्दलचे सांगणेही होते: के कोमा (त्याला जेवू दे).

## ८. खाण्याबद्दल बोलताना

जेवणाच्या वेळा. देसायुनार (सकाळची न्याहारी करणे), आल्मोर्सार (दुपारी जेवणे), मेरेन्दार (संध्याकाळी काहीतरी खाणे), सेनार (रात्री जेवणे). यांत जेवण आधीच सामावलेले आहे, त्यामुळे ‘देसायुनो दोस उएबोस’ (मी न्याहारीला दोन अंडी खातो) एवढेच पुरते. स्पेनमध्ये बहुतेक ठिकाणी नुसते ‘कोमेर’ म्हणजे दुपारचे जेवण, तेही दोन-तीनच्या सुमाराला. ‘बेन आ कोमेर’ असे आमंत्रण आले आणि तुम्ही रात्री नऊला पोचलात तर चुकलेच. रात्रीचे आमंत्रण असते तर ‘सेनार’ म्हटले असते.

आवड. मराठी वाचकासाठी हा भाग सोपा आहे. ‘मला मासा आवडतो, मला अंडी आवडतात’ यात क्रियापद पदार्थाप्रमाणे बदलते, स्पॅनिशमध्येही तसेच: मे गुस्ता एल पेस्कादो, मे गुस्तान लोस उएबोस. विसरतो तो एल/ला. ‘मे गुस्ता काफे’ अपुरे आहे, ‘मे गुस्ता एल काफे’ हवे.

भूक. तेंगो आम्ब्रे. खूप लागली असेल तर तेंगो मुचा आम्ब्रे. ‘एस्तोइ आम्ब्रे’ आणि ‘मुय आम्ब्रे’ दोन्ही चूक, कारण आम्ब्रे हे नाम आहे, विशेषण नाही.

चव. ताटातल्या पदार्थाची आत्ताची स्थिती सांगताना एस्तार (असणे) हे क्रियापद: ला सोपा एस्ता सालादा (खारट झाली आहे), एस्ता सोसा (अळणी आहे, लॅटिन अमेरिकेत देसाब्रिदा), एस्ता रिका (छान झाली आहे). तिखट आहे का हे विचारायला एकच शब्द पुरतो: पिका?

## ९. सराव: एक पाककृती, दोन रूपांत

स्पॅनिश बटाट्याचे ऑम्लेट, तोर्तिया दे पातातास. साहित्य: ६०० ग्रॅम बटाटे, ६ अंडी, १ कांदा, ऑलिव्ह तेल, मीठ. डावा रकाना वाचा, उजवा झाकून स्वतः रूपांतर करा.

| तू | उस्तेद | अर्थ |
|---|---|---|
| पेला लास पातातास | पेले लास पातातास | बटाटे सोल |
| कोर्ता-लास एन रोदाखास फिनास | कोर्ते-लास... | पातळ चकत्या कर |
| पिका ला सेबोया | पिके ला सेबोया | कांदा बारीक चिर |
| कालिएन्ता एल आसेइते | कालिएन्ते एल आसेइते | तेल गरम कर |
| फ्रीए तोदो आ फुएगो मेदिओ | फ्रीआ तोदो... | मध्यम आचेवर सगळे तळ |
| बाते लोस उएबोस कोन साल | बाता लोस उएबोस... | मीठ घालून अंडी फेट |
| मेस्क्ला-लो तोदो | मेस्क्ले-लो तोदो | सगळे एकत्र कर |
| नो ला कुआखेस देमासिआदो | नो ला कुआखे... | फार घट्ट होऊ देऊ नकोस |
| दा-ले ला बुएल्ता | दे-ले ला बुएल्ता | उलट |

सुरुवात तूने केलीत तर शेवटपर्यंत तूच ठेवा. नवशिक्यांच्या पाककृतीत तिसऱ्या ओळीनंतर हमखास उस्तेद घुसतो. छापील पाककृतीत ‘पेलार लास पातातास’ असे मूळ रूपही दिसते, तीही रीत बरोबर आहे. पातातास हा स्पेनचा शब्द, लॅटिन अमेरिकेत पापास. आणि मेक्सिकोत नुसते ‘तोर्तिया’ म्हणजे मक्याची चपटी भाकरी. तिथे या पदार्थाला ‘तोर्तिया एस्पान्योला’ म्हणा.

उस्तेदच्या रकान्यात दोन शब्द फसवतात. ‘कालिएन्ते’ म्हणजे ‘गरम करा’ आणि ‘गरम’ हे विशेषणही. ‘फ्रीआ’ म्हणजे ‘तळा’ आणि ‘थंड’ (स्त्रीलिंगी) हेही. फरक जागेवरून कळतो: फ्रीआ ला सेबोया म्हणजे कांदा तळा, ला सेबोया फ्रीआ म्हणजे थंड कांदा. शब्द नामाच्या आधी आला तर आज्ञा, नंतर आला तर विशेषण, असे या वाक्यांत धरून चाला.

शेवटच्या ओळीत ‘ऑम्लेट उलट’ म्हणताना तोर्तिया स्त्रीलिंगी म्हणून ‘दा-ला ला बुएल्ता’ असे लिहिले जाते. ते चूक आहे. द्यायची आहे ती ‘बुएल्ता’, म्हणजे पालटी, आणि तोर्तियाला ती द्यायची आहे. म्हणून ‘ले’, लिंग कोणतेही असो. कढईत एकापेक्षा जास्त तुकडे असतील तर दा-लेस ला बुएल्ता, आणि एवढ्यात उलटू नको म्हणायचे असेल तर नो लेस देस ला बुएल्ता तोदाबीआ.